घंटा झाल्यानंतरची शाळा



ज्या गुरुजींच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिले आहे, ते शेवटचे मूल घरी गेल्याखेरीज शाळेला कुलूप लावीत नसत. त्यांची ही रीत मला फार उशिरा उमगली.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी दुसऱ्या एका शाळेत शिकवीत होते. तिसरीतील एक मुलगा घंटा झाल्यावरही बाकावर बसून राही. “बाई, हांव घरा वचना,” असे तो एकदा म्हणाला. मी त्याला आज्ञाधारकपणावर चार शब्द सुनावून घरी धाडले. त्याचे वडील आखातात, आई बाजारात भाजी विकून रात्री आठला परते. तोवर त्याला सांभाळणारा शेजारी त्याच्याशी कसा वागत होता, हे पुढे कळले. ते मी विचारले नव्हते, हा माझा दोष.

आपल्या गोमंतकाने हा धडा मोठी किंमत देऊन घेतला आहे. १९९१ साली मडगावात निराधार मुलांचे वसतिगृह चालविणाऱ्या एका गृहस्थास अटक झाली. समाजात त्याला मान होता. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. मुलाच्या शब्दापेक्षा मोठ्यांच्या प्रतिष्ठेचे वजन आपण अधिक मानतो, हेच त्यातून उघड झाले. पुढे २००३ मध्ये गोवा बालक कायदा झाला.

केंद्र शासनाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले. त्यांपैकी ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या लैंगिक छळाचा अनुभव सांगितला. निम्मे अपराधी ओळखीचे वा विश्वासातले होते, आणि बहुतेक मुलांनी तोवर कोणाजवळही वाच्यता केली नव्हती. ‘अनोळखी माणसापासून दूर राहा’ एवढे शिकवून आपले कर्तव्य संपत नाही, ते यामुळेच.

२०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशी गोष्ट कळल्यावर पोलिसांना न कळविणे हा गुन्हा आहे; संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. १९९६ साली मुंबईत सुरू झालेला १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आज शासनामार्फत चालतो. परंतु कायदा येतो तो घाव बसल्यानंतर. घाव बसू नये म्हणून कुटुंबाला आधार हवा. त्या मुलाच्या आईला दोष देणारे पुष्कळ भेटले. “संध्याकाळी त्याला आमच्याकडे ठेवा,” असे म्हणणारा एकही नव्हता. गरजू मुलाने घरातच वाढावे यासाठी शासनाच्या मिशन वात्सल्य योजनेत दरमहा ४,००० रुपये साहाय्याची तरतूद आहे. पण अशा आईला अर्ज कोण भरून देणार?

माजी विद्यार्थ्यांपुढे मी एकच मागणे ठेवते. या शाळेचे दोन वर्ग रात्री आठपर्यंत उघडे ठेवा. तेथे एकटा नव्हे, दोन मोठी माणसे नेहमी असोत, दार उघडे असो, आणि आयांना महिन्यातून एकदा बोलावून त्यांच्या अडचणी ऐकल्या जावोत. मूल घरी जायला नको म्हणाले, तर उपदेशाआधी त्याला कारण विचारा.

तो प्रश्न मी विचारला नाही. आपण विचारावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.