नाम आणि क्रिया



मुलांच्या तोंडी ‘गूगल कर’, ‘मेसेज कर’ असे शब्द ऐकून आम्ही वडीलमंडळी वैतागतो. इंग्रजीत तर नामाचेच क्रियापद होते. ‘गूगल’ हे कंपनीचे नाव २००६ साली ऑक्सफर्डच्या कोशात क्रियापद म्हणून दाखल झाले.

परंतु ही रीत आम्हांस परकी आहे काय? हातापासून ‘हाताळणे’, लाथेपासून ‘लाथाडणे’, पाण्यापासून ‘पाणावणे’ हे आमच्या पूर्वजांनीच घडविले. फारसीतून आलेल्या ‘खर्च’ शब्दाचे त्यांनी ‘खर्चणे’ केले. आपले जालना १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. कचेरीत उर्दू चाले, तरी घरातली मराठी खचली नाही.

तेव्हा नव्या वस्तूबरोबर नवा शब्द आला, तर आमची तक्रार नाही. मोंढ्यात बियाणे खुशाल ‘बुक’ व्हावे. दुःख निराळेच आहे. भाजी चिरावी, केस कापावेत, ऊस तोडावा, सुपारी कातरावी, असे प्रत्येक कामाला आपले वेगळे क्रियापद होते. आता या सर्वांना एकच ‘कट करणे’ पुरते. परका शब्द येथे भर घालीत नाही, घरचे चार शब्द बाहेर काढतो.

म्हणून आमची विनंती एवढीच, की मुलांवर रागावू नये. आजीने नातीस विळीपाशी बसवावे आणि ‘भाजी चीर’ असेच सांगावे. शब्द कोशात टिकत नाहीत, कामात टिकतात.