हायब्रिड मोटार घरच्या विजेवर चालेल काय?



खर्ड्यात बोलायला उभ्या राहिलेल्या माणसाने १७९५ च्या लढाईपासून सुरुवात करावी अशी येथली वहिवाट आहे. आम्ही ती मोडणार आहोत. निजाम आणि मराठे ह्यांचा हिशेब त्या वर्षीच मिटला. आमचा आजचा हिशेब पेट्रोलचा आहे आणि तो अजून मिटायचा आहे. आम्ही शिकलेले इंजिनियर नव्हेत. तीस वर्षे चालक, क्लीनर आणि गॅरेजमधील कामगार ह्यांच्यात वावरलो, मागून मागून पुस्तके वाचली, मिस्त्रींच्या शेजारी बसून गाडी उघडलेली पाहिली, एवढीच आमची विद्या. तेव्हा चुकेल तेथे सभेनंतर जरूर कान धरावा.

विषय कसा निघाला ते सांगतो. आमच्या युनियनमधील एक चालक आहेत. त्यांनी जुनी हायब्रिड गाडी घेतली आणि खर्डा-नगर भाडी मारू लागले. एके दिवशी ते म्हणाले, "अण्णा, डिकीत मोठी बॅटरी बसवून देणारा एकजण भेटलाय. रात्री घरी प्लग लावायचा, दिवसा विजेवर पळवायची. अडीच लाख मागतोय. घालू का?" आम्ही त्यांना आठ दिवस थांबायला सांगितले. त्या आठ दिवसांत जे समजले तेच आज तुमच्यापुढे ठेवतो.

प्रथम ही गाडी काय चीज आहे ते पाहू. हायब्रिड मोटारीत इंजिन असते आणि विजेची मोटरही असते. ब्रेक मारला की साध्या गाडीत जी शक्ती उष्णता होऊन वाया जाते, ती ह्या गाडीत विजेच्या रूपाने बॅटरीत जाते आणि पुन्हा निघताना कामी येते. मात्र सगळी वीज शेवटी पेट्रोलमधूनच आलेली असते. लोक येथेच फसतात. त्यांना वाटते, बॅटरी आहे म्हणजे गाडी अर्धी विजेचीच झाली. पण ती बॅटरी केवढी? टोयोटाची हायरायडर गाडी २०२२ साली आपल्याकडे आली. तिच्या हायब्रिड बॅटरीत पाऊण युनिट वीज मावते. घरच्या मीटरवरचे युनिट असते ना, त्यातले पाऊण! ही विहीर नव्हे, घागर आहे. क्षणात भरायची, क्षणात रिकामी करायची, म्हणूनच ती लहान ठेवलेली असते. नुसत्या घागरीला प्लग लावून उपयोग नाही. शेजारी विहीर खणावी लागते, म्हणजे मोठी बॅटरी आणि चार्जर आणावा लागतो. इतकेच नव्हे, तर गाडीत जो संगणक बसलेला आहे त्याची समजूत घालावी लागते. तो बिचारा आपल्याच घागरीचा हिशेब ठेवीत असतो. बाहेरून वीज येऊ लागली की तो गोंधळतो.

हे अशक्य आहे काय? मुळीच नाही. २००४ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील हौशी मंडळींनी हे करून दाखविले. कॅलकार्स नावाची त्यांची संस्था होती. फेलिक्स क्रेमर हे तिचे प्रवर्तक आणि रॉन ग्रेम्बन हे इंजिनियर. त्यांनी टोयोटाच्या प्रियस गाडीत शिशाच्या साध्या बॅटऱ्या भरल्या आणि ती भिंतीवरच्या प्लगला जोडली. कारखानदार करीत नाहीत तर आम्ही करून दाखवितो, असा त्यांचा बाणा होता, आणि आमच्यासारख्या चळवळ्या माणसाला तो आवडतो हे कबूल केले पाहिजे. पुढे २००८ मध्ये लिथियमचा पाच युनिटांचा तयार संच बाजारात आला. किंमत दहा हजार डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने चार लाखांवर. तो बसविला तरी प्रियस ताशी ६५-६८ किलोमीटरच्या पुढे गेली की इंजिन फिरू लागेच, कारण गाडीची बांधणीच तशी होती. २०१२ साली खुद्द टोयोटाने प्लग असलेली प्रियस विकायला काढली आणि ह्या बाहेरच्या संचांची गरजच उरली नाही.

आपल्या पुण्यातही असा प्रयत्न झाला आहे, आणि तो अधिक धाडसाचा होता. केपीआयटी आणि भारत फोर्ज ह्या दोन कंपन्यांनी २०१० साली 'रेव्होलो' नावाचा संच जाहीर केला. हायब्रिडच काय, रस्त्यावरची साधी पेट्रोल-डिझेलची गाडीसुद्धा प्लगची हायब्रिड करायची, असा तो बेत होता. विजेची मोटर पट्ट्याने इंजिनला जोडायची आणि बॅटरी डिकीत ठेवायची. कल्पना सुरेख होती. पण चालू गाडीत असा बदल करण्यासाठी नियमच तयार नव्हते. ते यायला २०१६ साल उजाडले. तोवर उमेदीचा काळ सरला होता आणि तो संच घरोघरच्या मोटारींपर्यंत पोचला नाही.

नियमांबद्दल दोन शब्द. संच सरकारमान्य संस्थेने तपासून मंजूर केलेला हवा. पुण्याची एआरएआय ही त्यांतली एक. तो बनविणाऱ्याने किंवा त्याने नेमलेल्या कारागिरानेच बसवायचा आणि मग आरटीओकडून गाडीच्या पुस्तकात नोंद करून घ्यायची. आमच्या चालकाला भेटलेल्या गृहस्थांकडे ह्यांपैकी एकही कागद नव्हता. अशी गाडी उद्या कोठे धडकली, तर विमा कंपनी काय म्हणेल ते सांगायला ज्योतिषी नको.

आणि हा केवळ कागदांचा प्रश्न नाही. २००८ साली अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायनात एका वीज सहकारी संस्थेची अशी बदललेली प्रियस रस्त्यावर चालता चालता पेटली. चौकशीत काय निघाले? बॅटरीच्या आतल्या तारांचे बोल्ट नीट आवळलेले नव्हते. सैल जोड तापतो आणि तापलेला जोड आग लावतो. हे कोणत्याही वायरमनला माहीत आहे. पण ह्या बॅटरीत शेकडो व्होल्ट असतात. तेथे पाना घसरला तर दुसरी संधी मिळत नाही.

आता पैशाचा हिशेब. तो आम्ही त्या चालकासमोर वहीच्या पाठकोऱ्या पानावर मांडला. गाडी लिटरला २० किलोमीटर देते आणि पेट्रोल १०५ रुपये धरले, म्हणजे किलोमीटरला सव्वापाच रुपये. विजेवर एका युनिटात सहा किलोमीटर धरले आणि चार्ज करतानाची गळती मिळवली, तर किलोमीटरला पावणेदोन. वाचले साडेतीन रुपये. बॅटरी पाच युनिटांची असली तरी तळापर्यंत उपसायची नसते. चार युनिटे वापरली तर २४ किलोमीटर झाले. म्हणजे खर्ड्यातून निघालेली गाडी जामखेड ओलांडते न ओलांडते तोच वीज संपली! पुढे नगरपर्यंत आणि परत येईपर्यंत पेट्रोलच, वर बॅटरीचे ओझे वाहायचे, आणि उतारूंच्या पिशव्या ठेवायला डिकी नाही. दिवसाला वाचले ८४ रुपये. वर्षाचे ३०० दिवस धरले तर २५,२००. अडीच लाख फिटायला दहा वर्षे लागतात, तीही व्याज न धरता आणि बॅटरी दहा वर्षे टिकली तर. रात्री वीज गेली तर तो दिवस बुडाला तो वेगळाच.

येथे आमची एक चूक सांगितली पाहिजे. ती सांगितल्यावाचून खाली बसलो तर ते अप्रामाणिकपणाचे होईल. दोन वर्षांपूर्वी गॅरेजमधील पोरांची आम्ही एक सभा घेतली होती. विजेच्या गाड्या आल्या की इंजिनाचे काम कमी होणार. तेल बदलणे नाही, प्लग साफ करणे नाही, सायलेन्सर नाही. ह्या पोरांनी खायचे काय, ही चिंता आम्हांला होती आणि आहे. त्या सभेत आम्ही ठासून म्हणालो की, जुन्या गाड्या बदलून देण्याचे काम हेच तुमचे उद्याचे पोट. हिशेब केला नव्हता. कोठेतरी वाचले होते, तेवढ्यावर बोललो. दोघांनी ते मनावर घेतले आणि पतपेढीचे कर्ज काढून हत्यारे घेतली. हप्ते अजून चालू आहेत. पुढाऱ्याच्या टाळीच्या वाक्याचे व्याज कामगार फेडतो.

त्या दोघांना आम्ही तोच वहीचा कागद दाखविला. एकजण बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मग हे हातमोजे आणि मीटर काय करायचे, अण्णा?" उत्तर आम्हांला सुचले नाही, त्याच्या मिस्त्रीला सुचले. हायब्रिड गाड्या आपल्या भागात येऊ लागल्या आहेत. त्यांच्या बॅटरीला थंड ठेवणारा पंखा असतो. अनेक गाड्यांत तो मागल्या सीटच्या आसपास हवा ओढतो आणि आपल्या रस्त्यांची धूळ त्याची जाळी बुजवून टाकते. बॅटरी तापते आणि लवकर मरते. ती जाळी साफ करणे, जोड तपासणे आणि कमजोर झालेली बॅटरी ओळखणे हे काम येथे करता येते. त्यासाठी तेच हातमोजे लागतात आणि तोच मीटर लागतो. मात्र शिकल्याशिवाय झाकण उघडायचे नाही, हे आम्ही ह्या खेपेस आधी बजावले आहे. दुसरी वाट रिक्षांची. गावातल्या गावात, कमी वेगाने, दिवसाकाठी ठरावीक अंतर फिरणारी जुनी रिक्षा मंजूर संचाने पूर्ण विजेवर नेण्याचा हिशेब मोटारीपेक्षा बरा दिसतो. तो आम्ही अजून पुरता मांडलेला नाही, म्हणून आज त्यावर बोलत नाही. एकदा भाजलो आहोत.

आमच्या चालकांनी अडीच लाख दिले नाहीत. त्यांनी टायरमधील हवा आणि ती जाळी ह्यांकडे लक्ष द्यायला सुरुवात केली आहे. ते आज मागे बसले आहेत. ते दोघे पोरगेही आले आहेत. त्यांनी एका निकामी हायब्रिड बॅटरीची रिकामी पेटी आणून दाराशी ठेवली आहे. आत वीज नाही, भिण्याचे कारण नाही. जाताना ज्यांना ती घागर केवढी असते ते पाहायचे असेल, त्यांनी जरूर पाहावी आणि पोरांना प्रश्न विचारावेत. ते आमच्यापेक्षा नीट सांगतील.