संदर्भाची वही आणि बोलकं यंत्र

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

पीएच.डी. करणारी मुलं हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. संदर्भ सांभाळणारं झोटेरोसारखं सॉफ्टवेअर शिकून घ्यावं, की कृत्रिम बुद्धिमत्तेचं एखादं साधन घेऊन मोकळं व्हावं? मी साधा बी.ए. झालेला माणूस, कविता लिहितो. पण घरात पुस्तकं आहेत म्हणून मुलं येतात, आणि त्यांच्या याद्या पाहून पाहून माझं एक मत झालं आहे. एकच शिकण्याइतका वेळ असेल, तर आधी संदर्भाची वही शिका.

वही म्हणजे काय? जुने अभ्यासक चिठ्ठ्या करत. एका पुस्तकाची एक चिठ्ठी: लेखक, नाव, प्रकाशक, साल. खोक्यात त्या अकारविल्हे लावलेल्या असत. झोटेरो म्हणजे तेच खोकं. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात २००६ साली ते तयार झालं आणि ते फुकट मिळतं. मेंडेली आणि एंडनोट ही त्याची भावंडं. एंडनोटला पैसे मोजावे लागतात. इंटरनेटवर लेख दिसला की बटण दाबायचं, तपशील खोक्यात येऊन पडतो. प्रबंधाच्या शेवटची यादी आपोआप तयार होते, आणि मार्गदर्शकांनी ऐनवेळी ‘पद्धत बदला’ म्हटलं तरी रात्र जागवावी लागत नाही. लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा वेकफिल्ड यांचा १९९८चा लेख ‘लॅन्सेट’ने २०१०मध्ये मागे घेतला. असा मागे घेतलेला लेख खोक्यात असला, तर झोटेरो सावधही करतं.

मराठी पुस्तकांना मात्र हे बटण फारसं लागू पडत नाही. तपशील हाताने भरावा लागतो, आणि तोही जपून. ‘शेख महंमद’ हे नाव दोन चौकटींत तोडलंत, तर यादीत ‘महंमद, शेख’ असं छापून येईल, जणू महंमद हे त्यांचं आडनाव! नाव एकाच चौकटीत ठेवण्याची सोय तिथे आहे, ती वापरावी.

शेख महंमदांच्या ‘योगसंग्रामा’वर काम करणारी एक विद्यार्थिनी मागे माझ्याकडे आली होती. एका बोलक्या यंत्राला विचारून तिने बारा संदर्भांची यादी आणली होती. दुपारभर आम्ही ती तपासत बसलो. रा. चिं. ढेरे यांचं ‘मुसलमान मराठी संतकवी’ त्यात होतं, ते पुस्तक आहेच. पण चार नावांचा कुठेच पत्ता लागेना. आणि पाचवं पुस्तक चक्क माझ्या नावावर! शेख महंमदांच्या भाषेवर मी म्हणे ग्रंथ लिहिला आहे. शीर्षक इतकं छान होतं की, हे आपण लिहायला हवं होतं, असं मलाच वाटून गेलं. ‘पण सर, सालसुद्धा दिलंय,’ ती बिचारी म्हणाली.

साल असणारच. या यंत्रांनी अगणित मजकूर पचवलेला असतो, आणि एका शब्दापुढे कोणता शब्द शोभेल याचा अंदाज ती बांधतात. संदर्भाचा साचा त्यांना पाठ असतो. त्यात नाव बसतं, प्रकाशक बसतो, सालही बसतं. न्यूयॉर्कच्या वकिलांनी २०२३ साली अशाच यंत्राने रचलेले, कधीच न झालेले खटले न्यायालयापुढे दाखले म्हणून ठेवले. त्यांना आणि त्यांच्या फर्मला मिळून ५,००० डॉलर दंड झाला.

सगळी साधनं अशी नाहीत, हेही सांगायला हवं. इलिसिट, कन्सेन्सस यांसारखी साधनं प्रत्यक्ष शोधनिबंधांच्या साठ्यात शोध घेतात, त्यामुळे लेख बहुधा खरा निघतो. त्यांनी काढलेलं सार तेवढं मूळ लेखाशी ताडून पाहावं. वैद्यक किंवा शेतीशास्त्राच्या अभ्यासकाला शेकडो इंग्रजी लेखांतून कामाचे दहा निवडायला त्यांची खरोखर मदत होते. मराठी साहित्याच्या अभ्यासकाचा ऐवज मात्र जुन्या मासिकांत आणि दिवाळी अंकांत पडून आहे. त्यातलं फारच थोडं या साठ्यांत गेलं आहे. तिथे शं. ग. दाते यांची १८०० ते १९५०पर्यंतची ‘मराठी ग्रंथसूची’ आणि एखादा जाणता ग्रंथपालच कामी येतो.

आपले प्रबंध आता ‘शोधगंगा’वर चढतात. तिथे पोचलेला खोटा संदर्भ पुढचा विद्यार्थी खरा समजून उचलणार, आणि उद्याचं यंत्रही कदाचित तोच वाचून शिकणार. मी न लिहिलेलं पुस्तक चार प्रबंधांत फिरलं, तर ‘ते माझं नव्हे’ म्हणायला निदान मी आहे. शेख महंमदांच्या नावावर कुणी काही खपवलं, तर नाही कोण म्हणणार?

यंत्राला काही विचारूच नका, असं मी म्हणत नाही. त्याने सुचवलेलं नाव वहीत जरूर टाका, पण त्यावर ‘पाहिलं नाही’ अशी खूण करा. झोटेरोत तशी सोय आहे. पुस्तक हातात आलं, हवं ते पान उघडलं, की खूण काढायची आणि पान क्रमांक लिहायचा. प्रबंध बांधणीला देण्याआधी ज्या नावांवर ती खूण उरली असेल, ती यादीतून गाळायची, शीर्षक कितीही मोहात पाडणारं असलं तरी.