उघडीप आणि वापसा
(मल्हारगंज, इंदूर येथे ग्रामस्थ, शासकीय कर्मचारी व शिक्षक यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पावसाळ्याच्या उत्तरार्धात माळव्यात एक आठवडा असा येतो की, त्याच्या आरंभी छत्रीवाचून घराबाहेर पाऊल टाकवत नाही आणि त्याच्या अखेरीस अंगणात घटकाभर उभे राहिले तरी पाठ भाजते. मधल्या दिवसांत दोन्ही असते. सकाळी मळभ, दुपारी लख्ख ऊन, दिवेलागणीला पुन्हा एक सर. मराठीत या अवस्थेला 'उघडझाप' म्हणतात. पुढे पाऊस राहून आकाश मोकळे झाले, म्हणजे ती 'उघडीप'. याच्याही पुढचा तिसरा शब्द शेतकऱ्याचा आहे, तो 'वापसा'. जमिनीतील जादा पाणी निचरून गेल्यावर मातीत ओल आणि हवा यांचा योग्य मेळ बसतो, त्या स्थितीला वापसा म्हणतात. उघडीप आकाशाला मिळते, वापसा जमिनीला येतो. या दोहोंमध्ये काही दिवसांचे अंतर असते आणि या आठवड्यात होणारे पुष्कळसे नुकसान नेमके त्याच अंतरात होते. आजचे विवेचन त्याविषयी आहे.

मल्हारगंज ही राजवाड्याच्या पश्चिमेकडील जुनी वस्ती. मल्हारराव होळकरांचे नाव तिने धारण केले आहे. गंज म्हणजे बाजारपेठ. जवळच सुमारे २५ फूट उंचीची बडा गणपतीची मूर्ती आहे. वस्ती शहराची असली तरी तिचे हवामान आणि सभोवतालच्या खेड्यांचे हवामान एकच होय. समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीचे हे पठार, काळी माती आणि खान अथवा कान्ह व सरस्वती या लहान नद्या. खेड्यांत पिकलेले सोयाबीन याच शहराच्या लक्ष्मीबाई नगर आणि छावणी येथील बाजारांत येते. शेतातील एका आठवड्याचा परिणाम काही दिवसांतच पेठेत दिसू लागतो.

अलीकडचे एक उदाहरण सर्वांच्या स्मरणात असेल. २०२३ सालचा ऑगस्ट महिना संपूर्ण देशासाठी १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. देशात सरासरीच्या सुमारे ३६ टक्के पाऊस कमी पडला. माळव्यातील सोयाबीन ऐन शेंगा भरण्याच्या वेळी पाण्यावाचून तळमळत होते. नंतर सप्टेंबरच्या मध्यास कमी दाबाचे क्षेत्र येऊन पोहोचले आणि १५ व १६ सप्टेंबरला इंदुरात एका दिवसात सहा इंचांहून अधिक पाऊस कोसळला. ते क्षेत्र पश्चिमेकडे गुजरातच्या दिशेने सरकले, नर्मदा फुगली आणि भरूच येथे पूर आला. १९ सप्टेंबरला गणेशचतुर्थी होती. २५ सप्टेंबरला नैर्ऋत्य राजस्थानातून मोसमी पाऊस माघारी फिरल्याची घोषणा हवामान खात्याने केली. म्हणजे पावसाची याचना, पावसाची भीती आणि पावसाचा निरोप हे तिन्ही एकाच महिन्यात आटोपले. त्याआधी २०२० साली २१ व २२ ऑगस्ट रोजी इंदुरात चोवीस तासांत दहा इंचांवर पाऊस झाला होता, आणि योगायोग असा की, त्या वर्षी २२ ऑगस्ट हीच गणेशचतुर्थीची तारीख होती.

मातीच्या मूर्ती घडविणाऱ्यांना उघडीप आणि वापसा यांतील भेद कुणी शिकवावा लागत नाही. मूर्ती दोन दिवसांच्या उन्हाने वरून कोरडी दिसते, पण आत ओल राहिलेली असते. त्या अवस्थेत घाईने रंग दिला तर चार दिवसांत पापुद्रे निघतात. काळ्या जमिनीचेही असेच आहे.

हा पाऊस येतो कसा आणि जातो कसा, हे थोडक्यात पाहू. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र निर्माण होते व ते ओडिशा, छत्तीसगड ओलांडून मध्य प्रदेशात शिरते. त्याच्या नैर्ऋत्य बाजूस पावसाचा जोर विशेष असतो; म्हणून क्षेत्र अद्याप पूर्वेस असतानाच माळव्यात झड लागते. ते पश्चिमेस निघून गेले की ढग फाटू लागतात. परंतु मागून दुसरे क्षेत्र येत असेल, तर मधले ऊन केवळ विसाव्याचे ठरते. पाऊस खरोखर परत निघाला हे ठरविण्यासाठी हवामान खाते वायव्य भारतात तीन लक्षणे पाहते : सलग पाच दिवस पाऊस नसणे, खालच्या थरांत वाऱ्यांचे प्रत्यावर्ती चक्र तयार होणे आणि हवेतील बाष्प लक्षणीय कमी होणे. एका दिवसाच्या निळ्या आभाळावर ते विश्वास ठेवीत नाही. शेतकऱ्यानेही ठेवू नये.

आता जमिनीकडे वळू. एक हेक्टर क्षेत्रावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडते. सहा इंच, म्हणजे सुमारे १५० मिलिमीटर पावसाने एका हेक्टरवर पंधरा लाख लिटर पाणी ओतले जाते. एकराचा हिशेब केला तर सहा लाख लिटरांच्या घरात. त्यातील बरेच वाहून जाते, परंतु जे मुरते ते काळी माती सहजासहजी सोडीत नाही. या मातीतील चिकणकण पाण्याने फुगतात आणि भेगा बुजून जातात. मग पाणी खाली जाण्यास वाट उरत नाही. मुरमाड जमिनीला दुसऱ्या दिवशी वापसा येतो, तर भारी काळ्या जमिनीला चार-सहा दिवसही लागतात. ओळखण्याची जुनी रीत अजूनही उपयोगी आहे. चार बोटे खोलीवरची माती मुठीत दाबून गोळा करावा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडावा. गोळा फुटून भुगा झाला तर वापसा आला. तसाच थबकन बसला तर अजून नाही. अशा चिखलात ट्रॅक्टर घातला तर चाकाखालची माती घट्ट दबते आणि तिची ढेकळे रब्बीच्या पेरणीपर्यंत छळतात.

सोयाबीनच्या बाबतीत हा प्रश्न सर्वांत कठीण होतो. जे.एस. ९५-६० सारखे लवकर येणारे वाण साधारणतः ८२ ते ८८ दिवसांत तयार होते. जूनच्या शेवटच्या आठवड्यात पेरले असेल तर त्याची कापणी नेमकी सप्टेंबरच्या उत्तरार्धात येते. जे.एस. ३३५ ला सुमारे ९५ ते १०० दिवस लागतात. एकाच पावसाने शेजारच्या दोन शेतांत उलट फळ दिलेले दिसते, याचे कारण हेच : उशिराच्या वाणाचे दाणे त्या पाण्याने भरतात आणि लवकरच्या वाणाच्या शेंगेतच दाण्याला मोड येऊ लागतात किंवा बुरशी धरते. पक्व पीक उभे ठेवावे तर पाऊस खातो; पाऊस थांबल्यावर कडक ऊन पडले आणि कापणी लांबली, तर शेंगा तडकून दाणा मातीत जातो. कापून ठेवावे आणि पुन्हा सर आली तर कवळ्या भिजतात. वर्षाचा घरखर्च, सोसायटीचे कर्ज आणि पुढील हंगामाचे बियाणे या तिन्ही गोष्टी त्या चार-पाच दिवसांच्या निर्णयावर अवलंबून असतात. शेतकरी पहाटे उठून आधी आभाळाकडे पाहतो, यात नवल ते काय?

या निर्णयासाठी काही खुणा आहेत. शेतातील ९० ते ९५ टक्के शेंगांचा हिरवा रंग जाऊन त्या पिवळट किंवा तपकिरी झाल्या की कापणीस विलंब करू नये. जमीन ओली असली तरी विळ्याने कापता येते. यंत्राला मात्र वापशाची वाट पाहावी लागते. कापलेले पीक दोन-तीन दिवस उन्हात पसरावे. ओलसर पीक सायंकाळच्या भीतीने घाईघाईने गंजी करून ताडपत्रीखाली आवळून बांधणे ही सर्वत्र आढळणारी चूक होय. आत उष्णता कोंडते आणि एका रात्रीत दाणा काळवंडतो. ताडपत्री वरून असावी, बाजूंनी वारा खेळावा. मळणीची घाईही तशीच. सोयाबीनच्या दाण्याचे साल पातळ असते आणि अंकुर त्याच्या अगदी लगत असतो. बियाण्यासाठी राखलेल्या मालाची मळणी करताना यंत्राचे फेरे मिनिटाला ४०० च्या आसपास ठेवावेत, अन्यथा दिसायला चांगला दाणा उगवत नाही. बियाण्याची किमान उगवणशक्ती ७० टक्के ठरविलेली आहे. आधारभूत किमतीच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. उन्हात आणखी एक दिवस वाळविण्याचे कष्ट तेथे भरून येतात. इंदुरातच १९८७ पासून सोयाबीन संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. तिचा सल्ला ऐकण्यासाठी फार दूर जावे लागत नाही, ही या जिल्ह्याला लाभलेली सोय आहे.

येथे अधिकारी व कर्मचारी वर्गासाठी थोडे स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ पासून अमलात आहे. तिच्यात, अधिसूचित क्षेत्रातील कापून शेतात वाळत घातलेल्या पिकाचे कापणीनंतर १४ दिवसांच्या आत अवकाळी पावसाने नुकसान झाल्यास दावा करण्याची तरतूद आहे; मात्र नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागते. शेतकरी पहिले दोन दिवस कवळ्या उलटण्यात घालवतो आणि तिसऱ्या दिवशी अर्जाचा विचार करतो. तोवर मुदत संपत येते. ऊन पडून रस्ते कोरडे झाल्यावर पाहणीस जाऊ, असे म्हणणाऱ्या पथकाला मोड आलेले दाणे सापडत नाहीत. सापडतो तो वाळलेला भुसा. पंचनामा चिखलातच झाला पाहिजे. गावात सूचना कोणत्या क्रमांकावर द्यावी हे कापणीपूर्वीच चावडीवर व शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवणे ग्रामसेवकास मुळीच अवघड नाही.

शेताबाहेरही हेच अंतर धोक्याचे ठरते. मल्हारगंजासारख्या जुन्या वस्तीत माती-चुन्याच्या जाड भिंती अजून उभ्या आहेत. भिजलेली भिंत जड होते, तिचा पाया मऊ पडतो. वरून ऊन लागले म्हणजे बाहेरचा थर आकसतो आणि आतला ओलाच राहतो. पाऊस थांबला, आता भय नाही, या समजुतीने मुले पुन्हा तिच्या आडोशाला खेळू लागतात. सागर जिल्ह्यातील शाहपूर येथे ४ ऑगस्ट २०२४ रोजी मातीची शिवलिंगे करीत बसलेल्या मुलांवर जुनी भिंत कोसळली आणि ९ मुले दगावली. यास्तव शिक्षकांनी उघडीप झाल्यावरही आठवडाभर शाळेच्या कुंपणाची व मुताऱ्यांची भिंत रोज पाहावी. नवी भेग किंवा फुगवटा दिसल्यास वर्ग तेथून हलवावा व मग पत्रव्यवहार करावा, पत्रव्यवहाराच्या उत्तराची वाट पाहत मुलांना तेथे बसवू नये.

डासांचे गणितही एका आठवड्याचे आहे. डेंग्यू पसरविणारा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून पूर्ण डास होण्यास या दिवसांच्या उष्णतेत साधारणतः सात ते दहा दिवस पुरतात. शेवटच्या सरीचे पाणी टायरात, कुंडीत, गच्चीवरच्या तुटक्या बादलीत राहिले असेल, तर उन्हाचा आठवडा संपता संपता डास उडू लागतात. म्हणून उघडिपीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी सर्व भांडी रिकामी करून घासावीत. गढूळ झालेल्या विहिरीत हजार लिटर पाण्यास अडीच ग्रॅम या प्रमाणात ब्लिचिंग पावडर लागते, पाणी फार गढूळ असेल तर अधिक. ते आरोग्य कर्मचाऱ्याकडून तपासून घ्यावे व टाकल्यावर तासभर पाणी वापरू नये.

बांधावर माजलेले तण या आठवड्यात फुलावर असते, बी धरलेले नसते. ते कापण्याची हीच वेळ. इंदूरचे नाव जगभर ज्या कारणाने पोहोचले, त्यातले एक कंपोस्ट खत आहे, हे येथील पुष्कळ विद्यार्थ्यांस ठाऊक नसते. १९२४ साली इंदुरात वनस्पती उद्योग संस्था स्थापन झाली. तेथे अल्बर्ट हॉवर्ड यांनी खताची 'इंदूर पद्धत' सिद्ध केली आणि १९३१ साली त्यांनी यशवंत वाड यांच्यासह तिच्यावर ग्रंथ लिहिला. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी महात्मा गांधी इंदुरास आले, तेव्हा त्यांनीही ती संस्था पाहिली. या पद्धतीत एक बारकावा असा की, कोरड्या ऋतूत कचरा खड्ड्यात घालतात, पण पावसाळ्यात खड्डा पाण्याने भरून हवा कोंडते, म्हणून ढीग जमिनीवर रचतात. सुमारे तीन महिन्यांत, अधूनमधून उलटत राहिल्यास, खत तयार होते. आता रचलेला ढीग नाताळाच्या सुमारास कामी येतो.

शिक्षकांसाठी एक लहानसे काम उरते. शाळेत पर्जन्यमापक असेल तर रोज सकाळी साडेआठ वाजता मुलांकडून नोंद घ्यावी. अडीच मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस धरतात. नोंदीशेजारी मुलांनी मुठीतल्या मातीच्या गोळ्याचा निकालही लिहावा. दोन-तीन वर्षांची अशी वही गावाच्या शिवारापुरती तरी कोणत्याही दूरच्या अंदाजाहून जवळची ठरेल.

हस्त नक्षत्र २७ सप्टेंबरच्या सुमारास लागते आणि १० ऑक्टोबरच्या सुमारास संपते. मुलींचा हादगा त्याच नक्षत्राच्या नावाने ओळखला जातो. त्या काळात एखादी गडगडाटी सर माळव्यात अनपेक्षित नाही. तोवर ताडपत्री माळ्यावर टाकू नये. खळ्याशेजारीच घडी करून ठेवावी.