अस्थींतील आनुवंशिक लेख



भवानीनगर परिसरातील ऊस बागायतदार जाणतोच की, कांडीवरील डोळ्यातून मूळ बेटाच्याच जातीचा ऊस उगवतो. हे गुण पुढे नेणारा रेणू म्हणजे डीएनए. मनुष्याच्या पेशींतही तोच असून, चार रासायनिक घटकांच्या क्रमात त्याची आनुवंशिक माहिती साठविलेली असते.

मृत्यूनंतर हा रेणू तुटू लागतो. थंड प्रदेशातील अस्थींत त्याचे तुकडे हजारो वर्षे टिकतात. आपल्याकडील उष्णता व ओलावा त्यांना लवकर नष्ट करतात. हरियाणातील राखीगढी येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. तेथील ६१ नमुने तपासल्यावर केवळ एका स्त्रीच्या अस्थींतून उपयुक्त डीएनए मिळाला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनामुळे सिंधू संस्कृतीच्या नगरातील व्यक्तीचा जनुकीय आराखडा प्रथमच जगापुढे आला.

पुणे जिल्ह्याच्या भूमीतही असा ठेवा आहे. शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आणली. तेथे मृत बालकांना मडक्यांत ठेवून घराच्या जमिनीखाली पुरलेले आढळले.

म्हणूनच जमिनीचे सपाटीकरण करताना किंवा पांढरीची माती शेतात नेताना जुन्या अस्थी, रंगीत खापरे दिसल्यास काम थांबवावे. हाताळल्याने आजच्या माणसाचा डीएनए त्यांत मिसळतो. त्या उचलू वा धुऊ नयेत. ग्रामपंचायतीने ग्राम महसूल अधिकाऱ्यामार्फत पुरातत्त्व विभागास कळवावे. एकसष्टांतून एकच अस्थी बोलते. ती कोणती, हे आधी कोणासच ठाऊक नसते.