एका ग्रंथाच्या दोन याद्या

पुस्तक हाती आले की ते शेवटून उघडावे, ही माझी जुनी खोड आहे. संदर्भसूची पाहिली म्हणजे लेखक कोणाकोणाच्या दारी जाऊन आला हे समजते. परंतु मूळ दप्तरातले पत्र आणि त्या पत्रावर दोनशे वर्षांनी कोणी लिहिलेला लेख, ही दोन्ही अकारविल्हे एकाच पंगतीस बसविलेली असली, म्हणजे लेखकाने पत्र स्वतः पाहिले की लेखावरून उचलले, याचा उलगडा सहजी होत नाही.

यादी ही वाचकाच्या प्रश्नासाठी असते, हे आपल्या थोर पंडितांना पक्के ठाऊक होते. महामहोपाध्याय काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० साली निघाला. त्याच्या अखेरीस धर्मशास्त्रावरील ग्रंथांची एक यादी आहे आणि ग्रंथकारांची दुसरी. ज्याला ग्रंथाचे नाव ठाऊक तो एकीकडे जातो, ज्याला कर्त्याचे नाव ठाऊक तो दुसरीकडे.

हाताने खिळे जुळविणाऱ्याला दोन याद्यांचे काय वाटणार! अडचण आली ती संगणकाने जुळणी होऊ लागल्यावर. डोनाल्ड क्नूथ या अमेरिकन गणितज्ञाने आपल्या ग्रंथाची प्रुफे १९७७ साली पाहिली, ती त्याच्या मनास येईनात. म्हणून त्याने 'टेक' नावाची जुळणीची पद्धतीच निर्माण केली. तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्टने 'लाटेक' उभारली, आणि १९८५ च्या सुमारास ओरेन पटाश्निकचे 'बिबटेक' संदर्भांचे काम पाहू लागले. त्याची रीत कारकुनाची. लेखक मजकुरात संदर्भाची केवळ खूण लिहितो. लाटेक त्या खुणा एका टाचणात उतरवून घेते. बिबटेक ते टाचण वाचते, कोठारातून तेवढीच पुस्तके काढते, क्रम लावते आणि यादी परत देते. टाचण एक, म्हणून यादीही एक.

यावर पुढे तोडगे निघाले. 'चॅप्टरबिब' प्रत्येक प्रकरणाचे टाचण वेगळे ठेवते. अनेक लेखकांच्या संकलनाला ते सोयीचे. 'मल्टिबिब' प्रत्येक यादीसाठी उल्लेखाची निराळी आज्ञाच करून देते, म्हणजे कोणता संदर्भ कुठे जाणार हे लिहितानाच ठरवावे लागते. 'बिबलाटेक' अधिक मोकळे आहे. त्यात कोठारातल्या नोंदीवरच आपण एक निशाणी लावतो, 'मूळ साधन' किंवा 'अभ्यासग्रंथ', आणि छापताना अमुक निशाणीचे तेवढे छाप असे सांगतो. प्रकरणवार याद्याही त्यात होतात; मात्र प्रत्येक प्रकरणात आकडे पुन्हा एकपासून सुरू केले आणि सगळ्या याद्या ग्रंथाच्या शेवटी नेऊन ठेवल्या, तर ७ हा आकडा कोणत्या प्रकरणाचा हे शोधता शोधता वाचक कंटाळतो.

या मोकळेपणाची किंमत मला एकदा मोजावी लागली. धरणामुळे उठलेल्या काही गावांच्या पुनर्वसनाचा एक अहवाल जुळविण्याचे काम माझ्याकडे आले होते. मी मोठ्या हौसेने दोन याद्या केल्या: शासकीय कागदपत्रे आणि प्रकाशित साहित्य. अहवाल छापून झाला. पुढे त्या गावांपैकी एका गावातले एक वयस्क गृहस्थ तो चाळत माझ्यासमोर बसले होते. मजकुरात त्यांच्या गावाने दिलेल्या निवेदनाचा उल्लेख होता, त्यापुढे १७ हा आकडा होता. दोन्ही याद्यांवरून त्यांनी सावकाश बोट फिरविले आणि विचारले, "साहेब, सरकारचे कागद इकडं, पुस्तकं तिकडं. मग आमचा कागद कुठं गेला?"

तो कुठेच नव्हता. हस्तलिखित निवेदन, ते ना शासकीय, ना प्रकाशित. म्हणून मी त्याला कोणतीच निशाणी लावली नव्हती, आणि दोन्ही चाळण्यांतून ते गळून गेले होते. यंत्राने तक्रारीचा एक शब्द काढला नाही. सांगितले तेवढे त्याने चोख केले होते. त्यातून क्रमांक सर्व संदर्भांना मिळून एकदाच दिलेले असल्यामुळे एका यादीत १, ३, ४ आणि दुसरीत २, ५ असे आकडे विखुरलेले होते. त्या गर्दीत १७ हरवला आहे हे माझ्याच काय, प्रुफे पाहणाऱ्या कोणाच्याही ध्यानात आले नाही. आकडे प्रत्येक यादीत सलग धावावेत अशी तजवीज बिबलाटेकमध्ये आहे. मी ती केली नव्हती.

तेव्हापासून मी एक तिसरी यादी मागवितो: ज्यांवर पहिली निशाणी नाही आणि दुसरीही नाही, असे सगळे दाखव. बहुधा ती रिकामी येते. त्या वेळी मात्र तिच्यात चार नोंदी निघाल्या, चारही गावकऱ्यांच्या हातच्या. मथळा काय द्यावा हा प्रश्न पडला. 'इतर' असा शब्द एका सहकाऱ्याने सुचविला. तो मला रुचला नाही. 'ग्रामस्थांनी दिलेले कागद' असे लिहिले आणि ती यादी पहिल्या स्थानी ठेवली. पहिल्या छपाईच्या प्रती तोवर कार्यालयांत पोहोचल्या होत्या. त्यांच्यामागून एका पानाचे शुद्धिपत्र पाठविले, आणि एक प्रत त्या गृहस्थांना.