‘काळे पाणी’ : एका वाक्प्रचाराचा अर्थ
(चामोर्शी येथील शिक्षक-संमेलनात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आडबाजूच्या गावी बदली झाली म्हणजे ‘काळ्या पाण्यावर पाठविले’ असे म्हणण्याची रूढी आहे. आपल्या गडचिरोली जिल्ह्याच्या वाट्याला हा वाक्प्रचार वारंवार येतो. भाषा शिकविणे हे आपले काम असल्यामुळे त्याचा अर्थ नीट पाहणे उचित होईल.

काळे पाणी म्हणजे मुळात खोल समुद्र. तो ओलांडणे पूर्वी अनेक समाजांत निषिद्ध मानीत. ओलांडणारा जातीस मुके. इंग्रज सरकारने १८५८ साली अंदमानात बंदिवानांची वसाहत स्थापिली. तेथे जाणारा कैदी घर, जात व देश या तिन्हींना एकदम अंतरे. अशा रीतीने समुद्राचे नाव शिक्षेला मिळाले. १९५६ च्या आरंभापासून ही समुद्रपार धाडण्याची शिक्षा दंडसंहितेतून गेली. भाषेत मात्र ती उरली व कचेऱ्यांतील बदल्यांना चिकटली.

याच्या शेजारी ‘आडगाव’ हा शब्द ठेवून पाहा. हमरस्त्यापासून बाजूला ते आड. जशी आडवाट, जसे आडरान, तसेच आडगाव. हा शब्द केवळ ठिकाण सांगतो. ‘काळे पाणी’ म्हटले की ते ठिकाण तुरुंग ठरते व तेथील रहिवासी कैदी.

पावसाळ्यात नाल्यांना पूर येतो, वाट बंद पडते. ही गैरसोय खरी आहे आणि ती वरिष्ठांस अवश्य कळवावी. परंतु आपण जेथे बदलून आलो, तेथेच आपला विद्यार्थी जन्मला आहे. त्याने कोणता अपराध केला? आपले गाव ही शिक्षा आहे असे गुरुजींच्या तोंडून त्याने ऐकले, तर शिक्षण म्हणजे येथून सुटका, एवढाच अर्थ तो घेईल.

याच तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंड्याची कोरीव मंदिरे उभी आहेत. महाशिवरात्रीस तेथे दूरदूरचे लोक येतात. त्या दिवशी आडबाजूचे कोण?

म्हणून एक सूचना करतो. वर्गात नकाशा काढविताना आपली शाळा मध्यभागी ठेवा. भोवती नाला, तळे, बाजार. मग चामोर्शी, गडचिरोली, नागपूर. आणि अगदी कडेला मुंबई. मग मुलांना विचारा, “मुंबई आपल्यापासून किती दूर आहे?” या एका प्रश्नाने अंतर कोठून मोजावयाचे, हे मुलांच्या ध्यानी येईल.